शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना रुग्णाचे नाव, वय, पत्ता यांची रीतसर नोंद होते. परंतु औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी सांभाळत शेजारी उभी असलेली, आणि रात्री कितीदा उठावे लागले, पोट साफ झाले की नाही, घास गिळताना ठसका लागतो काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जिला मुखोद्गत असते, त्या व्यक्तीची दखल 'सोबत कोण?' एवढ्या पृच्छेपलीकडे त्या दफ्तरात कोठेही घेतली जात नाही. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला पती, स्मृतिभ्रंश झालेली सासू, छिन्नमनस्कता जडलेला तरुण मुलगा, यांच्या व्याधी भिन्न असल्या तरी त्यांचे करणारे माणूस बहुधा घरातील एकच असते, आणि बहुधा ती स्त्री असते. तिचे मन कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न आपण अद्याप गांभीर्याने विचारलेला नाही.

सेवेने माणूस झिजतो हे विधान ढोबळ आहे. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहासष्ट ते शहाण्णव वर्षे वयाच्या पतिपत्नींची चार वर्षे पाहणी केली होती. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना त्या कामाचा मानसिक ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका, असे काम नसलेल्या समवयस्कांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांना शुश्रूषा करूनही ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र असा वाढीव धोका दिसून आला नाही.

मग हा ताण कशाने येतो? स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या एकोणतीस व्यक्तींना या भाराविषयी विचारले होते. पाहणी लहानच होती, पण तिच्यातून निघालेली प्रश्नावली पुढे जगभर रूढ झाली. विस्मरण किती वाढले, वर्तन किती बिघडले, यांवरून भार कमीजास्त ठरत असेल, अशीच कोणाचीही अपेक्षा असती. परंतु त्यांचा भाराशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो घरातील इतर नातलगांच्या येण्याजाण्याशी. जेथे नातलग वरचेवर भेटीस येत, तेथे तोच आजार सोसवत होता.

आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम असल्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यासाठी समुपदेशनाची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या भरल्या घरात आठवडाभर राहून पाहावे. घरात सहा माणसे असली तरी अंथरूण बदलणारे हात दोनच असतात. परदेशी असलेला दीर व्हिडिओ कॉलवरून नव्या औषधाची चौकशी करतो. नणंद दिवाळीला चार दिवस येते आणि आईचे वजन उतरलेले पाहून सुचवायचे ते सुचवते. शिवाय स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या काळात रुग्ण परक्या माणसासमोर कित्येकदा अगदी नीट बोलतो, त्यामुळे पाहुणे 'आई तर छान आहेत की' असा निर्वाळा देऊन जातात, आणि सुनेने सांगितलेली प्रत्येक गोष्ट तक्रार ठरते. राहता राहिले कौतुक. 'तू आहेस म्हणून चाललंय' हे वाक्य बोलणाऱ्याने मनापासून उच्चारलेले असते, तरीही ज्या स्त्रीचे एवढे गुण गायले गेले, तिला 'आता माझ्याच्याने होत नाही' असे म्हणण्याची वाट त्या स्तुतीनेच बंद होते.

आणि म्हणता न येण्याजोगे पुष्कळ असते. तोच प्रश्न विसाव्यांदा कानी पडल्यावर आवाज चढतो, क्वचित हातही उठतो, आणि मग रात्रभर मनाला टोचणी लागते. समोर देहाने असलेले आणि ओळखीने हरवलेले माणूस हे असे दुःख आहे की त्याला ना सुतक आहे, ना भेटीस येणारे लोक. 'देवाने आता सोडवावे' हा विचार शेजारणीने बोलून दाखविला तर तो सहानुभूतीत जमा होतो. तोच विचार करणारीच्या मनात आला की तिला स्वतःचे भय वाटू लागते. हा विचार अशा अवस्थेतील बहुतेकांना येतो आणि तो प्रेमाच्या अभावाचा पुरावा नव्हे, एवढे जाणत्या माणसाने शांतपणे सांगितले, तरी समुपदेशनाचे निम्मे काम होते.

उरलेले काम अगदी व्यावहारिक स्वरूपाचे असते. दिवेलागणीच्या सुमारास अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. चाळीस वर्षे ज्या घरात काढली त्याच घराच्या दाराशी पिशवी भरून सासू उभी राहते: 'मला घरी जायचंय, अण्णा वाट बघत असतील.' सून समजावते, 'अहो आई, हेच आपलं घर. आणि अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली.' ते खरे असते. पण वडील गेल्याची वार्ता त्या वृद्धेला त्या क्षणी प्रथमच कळते, ती आक्रोश करते, आणि हा प्रसंग रोज घडतो. 'अण्णांना काय आवडायचं हो, आई?' असे विचारून, बोलता बोलता पिशवी हातातून घेऊन चहा पुढे करावा, हे सुनेला कोणीतरी शिकवावे लागते. तिची माया कमी पडलेली नसते. या व्याधीत वस्तुस्थितीशी वाद घालण्यात अर्थ नसून भीतीला उत्तर द्यावयाचे असते, हे ज्ञान उपजत येत नाही, इतकेच.

हे शिकवावयास विशेषज्ञच हवा असे नाही, आणि ज्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही तेथे ही गोष्ट फार मोलाची आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन गृहसेवा-सल्लागार म्हणून नेमले. त्यांनी सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णाच्या घरी जावे, आजार समजावून द्यावा, वर्तनाच्या अडचणींवर उपाय सुचवावेत, सरकारी योजनांची माहिती द्यावी, आणि मागे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख असावी, अशी ती व्यवस्था होती. ८१ कुटुंबांच्या त्या चाचणीत, ज्यांच्या घरी हे सल्लागार गेले त्या शुश्रूषकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्ताप उणावला. लंडनमध्ये गिल लिव्हिंग्स्टन यांच्या चमूनेही आठ बैठकांचा असाच एक क्रम मानसशास्त्राच्या नुसत्या पदवीधरांकरवी राबविला आणि त्याचा गुण सहा वर्षांनंतरही टिकलेला पाहिला. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटलमन यांनी रुग्णाच्या जोडीदारासाठी सहा बैठका मुक्रर केल्या, पैकी चार इतर कुटुंबीयांसह. पुढे साहाय्यगट आणि हवा तेव्हा दूरध्वनीवर सल्ला. जोडीदाराची खिन्नता तर कमी झालीच, शिवाय रुग्णाला शुश्रूषालयात ठेवण्याची वेळ सरासरी ५५७ दिवसांनी लांबली. रुग्णालाच घरी अधिक राहावयास मिळाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्रात या दिशेने काम झालेले नाही असे नाही. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या वर्तुळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याचा सांभाळ करणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि शुभंकरांचे स्वमदत गट भरतात. तेथे कोणी कोणाचे कौतुक करीत बसत नाही. 'माझा मुलगा औषध जिभेखाली धरून मग थुंकतो' असे एका आईने सांगितले की पलीकडची दुसरी आई आपला अनुभव सांगू लागते. २०२२ पासून टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते, आणि ती सेवा केवळ रुग्णासाठी नाही.

पण गटाला जावयाचे तर तेवढा वेळ रुग्णापाशी कोण बसणार, येथे पुष्कळांचे घोडे अडते. 'काही लागलं तर सांग' असे म्हणून जाणाऱ्या आप्ताला काहीच सांगितले जात नाही, कारण सांगणे म्हणजे पुन्हा मागणे. त्याऐवजी 'दर गुरुवारी चार ते सात मी येत जाईन' असे त्याने आपण होऊन ठरवावे आणि तो वार पाळावा. तत्पूर्वी कुशीवर कसे वळवावयाचे, पेज किती दाट लागते, रात्रीची गोळी कोणत्या डबीत असते, हे सारे शिकून घ्यावे लागते. म्हणून पहिले दोन गुरुवार दोघांनी मिळून काढावेत, आणि तिसऱ्या गुरुवारी तिने चार वाजता घराबाहेर पडावे.