वारा ओळखणारी माणसे

आमच्या केडगावला समुद्र नाही. दौंड तालुक्यातल्या या गावात वारा सुटला की कांद्यावरचे कागद सांभाळायचे आणि वाळत घातलेले कपडे आत आणायचे, एवढेच आम्हाला ठाऊक. एके काळी मात्र इथला शेतकरी वाऱ्याची वाट पाहत असे. मळणी झाली की तिपाईवर उभे राहून धान्य उपणायचे, आणि ते वारा असेल तेव्हाच. मळणी यंत्र आले आणि ते काम संपले. आज आमच्या वर्गात ‘उपणणे’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

समुद्रकाठी वाऱ्याचे हे ज्ञान अजून थोडे शिल्लक आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोळीवाड्यांमध्ये सणासुदीला शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. आम्ही काही शिक्षक कुटुंबे मुलाबाळांसह ताम्हिणी घाट उतरून मुरूडकडे गेलो होतो, तेव्हा अशी एक शर्यत पाहण्याचा योग आला. त्या दिवशी वारा इतका होता की ओढण्या धरून उभे राहावे लागत होते आणि वाळू तोंडावर येत होती.

मोठे शीड की लहान?

इशारा झाला आणि होड्यांची शिडे भराभर वर चढली. समुद्रात निशाण लावून ठेवले होते, त्याला वळसा घालून परत किनाऱ्याला यायचे होते. सर्वांत मोठे शीड लावलेली होडी झपाट्याने पुढे गेली. आमच्या मुलांनी लगेच तिला पहिला नंबर देऊन टाकला. मागच्या एका होडीने मात्र लहान शीड लावले होते. मुले तिला हसत होती.

शेजारी एक वयस्क तांडेल उभे होते. त्यांनी मुलांना सांगितले की जोराच्या वाऱ्यात मोठे शीड होडीला ओढत नाही, आडवी पाडते. थोड्या वेळात तेच दिसले. पुढची होडी एका अंगाला कलली. खलाशी वाऱ्याच्या बाजूच्या काठावर जाऊन बसले, तरी पाणी आत येऊ लागले. शेवटी त्यांना शीड उतरवावे लागले. लहान शिडाची होडी शांतपणे वळसा घालून त्यांच्या पुढे निघून गेली.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. तिला तिरपे जावे लागते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपे. केव्हा वळायचे आणि शीड किती सैल सोडायचे, हे तांडेल पाण्यावरच्या रेघा आणि गालाला लागणारा वारा यांवरून ठरवतो. हे कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही, होडीतच शिकावे लागते.

शब्दही वाऱ्यावर आले

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे आमचे कान शब्दांकडे होते. ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’वरून आलेला शब्द. कोळीगीतांतला ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. ‘बंदर’ आणि ‘दर्या’ फारसी, ‘खलाशी’चे मूळ अरबी. मुरूडचा ‘जंजिरा’ म्हणजे अरबी ‘जजीरा’, बेट. आपण हवामानाला ‘मौसम’ म्हणतो तो अरबी ‘मौसिम’, ठरलेला काळ. त्यातूनच पुढे ‘मान्सून’ झाला, कारण जहाजे याच वाऱ्यांच्या हिशेबाने अरबस्तानातून आपल्या किनाऱ्याला येत आणि परत जात. कोळी, दालदी, अरब, सिद्दी या सर्वांचा समुद्र एक होता, म्हणून कामाचे शब्दही एक झाले. सूरह शूरामध्ये समुद्रातली जहाजे आणि त्यांना चालवणारा वारा यांचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांमध्ये आला आहे. तो उल्लेख किनाऱ्यावर उभे राहिल्यावर अधिक कळतो.

दुबईची परतीची शर्यत

आपल्या कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबे आखाती देशांत आहेत. त्यांना दुबईची ‘अल गफाल’ शर्यत परिचयाची असेल. 1991 मध्ये ती सुरू झाली. सर बू नैर या बेटापासून दुबईच्या किनाऱ्यापर्यंत, 50 सागरी मैलांहून अधिक अंतर, 60 फुटी लाकडी होड्या केवळ शिडावर कापतात. ‘गफाल’ म्हणजे परतणे. मोती काढणारे पाणबुडे उन्हाळ्याचे महिने समुद्रात काढून घरी परतत, त्या परतीची ही आठवण. किनाऱ्यावर बायकामुले वाट पाहत असत. हे मोती विकले जात आपल्या मुंबईच्या बाजारात, आणि तिकडच्या होड्यांना लागणारे सागवान मलबारातून जात असे. जपानी संवर्धित मोती आले आणि 1930 च्या सुमारास तो धंदा बसला. तेलाच्या पैशातून शहरे उभी राहिली, तरी त्यांनी होडी विसरू दिली नाही. विशेष म्हणजे वारा धोक्याचा असेल तर एवढी मोठी शर्यतही पुढे ढकलली जाते.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या प्रवासी नेतात. पण मासेमारी इंजिनावर गेली आहे. त्या तांडेलांची मुले शहरात नोकरी शोधत आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पोट भरत नसेल तर कोणी वारा का शिकेल? शर्यत वर्षातून एक दिवस असते. बाकीचे दिवस ही विद्या आपल्यासारख्या प्रवाशांच्या भाड्यावर जगते.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, मुलांना घेऊन जंजिऱ्याला जाल तेव्हा शिडाच्या होडीत बसा. भाड्यासाठी फार घासाघीस करू नका. लाइफ जॅकेट सर्वांनी घाला. मुलांना तांडेलाशी बोलू द्या, वारा कोणत्या दिशेचा आहे ते विचारू द्या. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, हेही ध्यानात ठेवा. आणि एखाद्या दिवशी तांडेल म्हणाला की आज वारा ठीक नाही, होडी सोडणार नाही, तर हट्ट करू नका. इतक्या लांबून आलो, असे सांगून त्याला भरीला घालू नका. किल्ला काठावरूनही दिसतो. मुलांना तिथेच वाळूत बसवून सांगा की या माणसाला वारा कळतो, म्हणून आज तो होडी सोडत नाही.