सेकंद म्हणजे दुसरा. मग पहिला कोण?

'दोन सेकंद थांब, आलोच' म्हणणारा दहा मिनिटांनी उगवतो, ते सोडा. पण 'सेकंद' शब्दाचा अर्थच 'दुसरा', मग पहिला कोण? मिनिट! तासाचे साठ भाग केले, की लॅटिनमध्ये तो 'पार्स मिनुटा प्रिमा', पहिला बारीक भाग. त्याचेही साठ तुकडे केले, की 'पार्स मिनुटा सेकुंडा', दुसरा बारीक भाग. साठाचा हिशेब मूळचा बॅबिलोनकडचा.

मला आवडतं ते पुढचं. 'सेकुंडुस' म्हणजे मुळात 'मागून येणारा'. संस्कृत 'सच्' धातू याच कुळातला, त्यातूनच आपला 'सचिव', सोबत राहणारा. म्हणजे सेकंद आणि मंत्रालयातले सचिव चक्क भाऊबंद! वेगाबद्दल मात्र मी काही बोलत नाही.