विधवा, दीर आणि वहाण

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून किनारा धरून उत्तरेला गेलं की अलिबागजवळ नवगाव लागतं. जहाज फुटलं तेव्हा आपले पूर्वज, सात पुरुष आणि सात स्त्रिया, इथंच किनाऱ्याला लागले, असं बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली घरीदारी मराठीच बोलत.

मूल होण्याआधी नवरा गेला तर दिरानं भावजयीशी लग्न करावं, असं हिब्रू धर्मग्रंथ सांगतो. दीर नको म्हणाला तर गावच्या वडीलधाऱ्यांसमोर तिनं त्याच्या पायातली वहाण काढायची, त्याच्यासमोर थुंकायचं आणि मोकळं व्हायचं. कोकणात मात्र शेजारच्या उच्चवर्णीयांची रीत मुरली आणि विधवेचं दुसरं लग्नच या समाजाला खटकू लागलं. ग्रंथानं ठेवलेली वाट रिवाजानं बुजवली.

१८८२ साली विधवा झालेल्या पंडिता रमाबाई पुढे हिब्रू शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हाच धर्मग्रंथ ज्यात आहे ते बायबल मराठीत आणलं. १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. नवरा गेल्यावर त्याच्या नातलगाशी लग्न करणाऱ्या, बायबलमधल्या रूथची कथा एका विधवेनं, विधवांमध्ये राहून मराठीत लिहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

बेने इस्रायल इस्रायलला गेले, तर १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या आई-आजीच्या घराण्याची चौकशी करण्याचा आदेश काढला. घटस्फोटाचे आणि दिरापासून सुटकेचे नियम हे लोक पाळत नसतील, ही शंका त्यामागे होती. पण जिथं विधवेचं लग्नच होत नसे, तिथं सुटकेचा विधी कुणासाठी करायचा? लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसद त्यांच्या बाजूनं उभी राहिली. १९८५ साली इथिओपियाच्या ज्यूंनाही लग्नाच्या हक्कासाठी त्याच धर्मपीठासमोर ठिय्या द्यावा लागला.

हे लढे समाजाच्या हक्काचे होते; हाच ग्रंथ वाचणाऱ्या आफ्रिकेतल्या स्त्रिया मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत. केनियाच्या लुओ समाजात विधवेला नवऱ्याच्या भावकीत देण्याची चाल आहे. तिथल्या बाईला रूथची गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. १९८९ साली घानाच्या मर्सी अम्बा ओडुयोये यांच्या पुढाकारानं अक्रा इथं आफ्रिकी स्त्री-धर्मचिंतकांचं मंडळ उभं राहिलं. बोत्स्वानाच्या मुसा डुबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथून ग्रंथाला थेट विचारलं : यात बाईची मर्जी कुठं आहे?

आपल्याकडे १९६४ च्या लढ्याची आठवण समाजाच्या मानासाठी निघते. ज्यांच्या आई-आज्यांची झडती झाली, त्या स्त्रियांचं म्हणणं फारसं कुणी विचारलं नाही. मराठी बोलणाऱ्या त्या आज्या आजही ठाण्यात, अलिबागला, इस्रायलमधल्या लोद आणि अश्दोदला आहेत. त्या आहेत तोवर कुणीतरी मराठीतूनच त्यांना हे विचारावं आणि लिहून ठेवावं.