ट्विन-डिस्क क्लच: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ट्विन-डिस्क क्लचमध्ये एकाच प्रेशर प्लेटखाली दोन क्लच प्लेटा असतात आणि त्यांच्यामध्ये एक धातूची प्लेट. डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्समधला दुहेरी क्लच वेगळा. चाकणला बनलेल्या, 2013 साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये दोन स्वतंत्र क्लच होते: एक विषम गिअरसाठी, दुसरा समसाठी. ट्विन-डिस्कच्या दोन्ही प्लेटा मात्र एकाच शाफ्टवर, एकाच वेळी काम करतात.

क्लच हॉर्सपॉवर पाहून निवडायचा, ही समजूत सर्वांत महागात पडते. क्लच सरकतो तो टॉर्कमुळे. चाकणमध्येच तयार झालेल्या एक्सयूव्ही 700 एएक्स डिझेल मॅन्युअलचा 420 न्यूटन-मीटर टॉर्क 1600 ते 2800 आरपीएममध्ये मिळतो. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलल्यावर (रिमॅप) तो बहुधा याच पट्ट्यात वाढतो. म्हणून कमजोर क्लच वरच्या गिअरमध्ये चढावर उघडा पडतो: आरपीएम चढते, वेग वाढत नाही.

दोन प्लेटा म्हणजे पेडल जड, हेही खरे नाही. घर्षणांक 0.3, सरासरी त्रिज्या 100 मिलिमीटर आणि दाब 9000 न्यूटन धरला, तर एका प्लेटचे दोन पृष्ठभाग 540 न्यूटन-मीटर पेलतात. दोन प्लेटांचे पृष्ठभाग चार. तिथे 6000 न्यूटन दाबही 720 न्यूटन-मीटरला पुरतो. म्हणजे दाब एक-तृतीयांशाने कमी, क्षमता तेवढीच जास्त. यात अद्भुत काही नाही. चाकणच्या बजाज कारखान्यातली पल्सरसुद्धा अनेक प्लेटांच्या क्लचवरच चालते, फक्त तो तेलात बुडालेला असतो.

कारमधला हा क्लच सहसा कोरडा, आणि खरी अडचण इथे आहे. मधल्या प्लेटला दोन्ही बाजूंनी उष्णता मिळते आणि ती बंदिस्त जागेत असते. मोशी ते चाकण जाममध्ये तासभर हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीत ती तापणारच. सिरॅमिक-धातूमिश्रित पॅड ही उष्णता सोसतात, पण झटक्याने पकडतात आणि गाडी उचलताना थरथरते. रोजच्या वापराला ऑरगॅनिक अस्तर आणि स्प्रिंगदार हब असलेल्या प्लेटाच बऱ्या.

पेडल दाबल्यावर येणारा खडखडाट बिघाडच असतो असे नाही. अनेक रचनांमध्ये मोकळी झालेली मधली प्लेटच वाजते. मात्र मूळ ड्युअल-मास फ्लायव्हील काढून हलके, एकसंध फ्लायव्हील बसवल्यास न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सही वाजू लागतो. हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही, फक्त आरपीएम लवकर चढते-उतरते. शिवाय चार पृष्ठभाग पूर्ण सुटायला जास्त अंतर लागते. मूळ हायड्रॉलिक सिलिंडरची चाल अपुरी पडली, तर गिअर अडकतो आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सवर जातो.

टॉर्क थोडाच वाढवला असेल, तर चांगली प्रेशर प्लेट आणि एकच ऑरगॅनिक प्लेट पुरते. मूळ टॉर्कच्या दीडपटीपुढे जायचे असेल, तरच ट्विन-डिस्कचा खर्च समर्थनीय ठरतो.