पेन ड्राइव्ह दिसत नाही? थांबा, फॉरमॅट करू नका!

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या किंवा घरच्या संगणकावर लिनक्स आहे का? बघा बरं! फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या कॉलेजकुमारानं १९९१ साली, वयाच्या २१ व्या वर्षी लिनक्सचा पाया घातला. आज ती जगभर वापरली जाते, तीही फुकट. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेनं तर ‘बॉस’ नावाची आपली भारतीय लिनक्स तयार केली आहे.

आता समजा, अशा संगणकाला तुम्ही पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही! आत उद्या द्यायचा विज्ञानाचा प्रकल्प. शिवाय आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो, ज्यांची दुसरी प्रत कुठंच नाही. तेवढ्यात कुणीतरी शहाणा सांगतो, “फॉरमॅट मार रे, लगेच चालू होईल!”

चालू होईलही. पण फोटो? फॉरमॅट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून तिथं कोरी चिकटवणं. कुठल्या पानावर काय आहे, हेच मग कळत नाही. आणि जुन्या पानांवर नवं काही लिहिलं, की संपलंच! म्हणून फॉरमॅटचं नाव काढायच्या आधी संगणकालाच विचारायचं, “बाबा रे, गाडी अडली कुठं?” लिनक्सची गंमत ही, की विचारलं तर ती सगळं सांगते.

पाहुणा आला घरी

पेन ड्राइव्ह हा संगणकाच्या घरी आलेला पाहुणा समजा. त्यानं आधी दार वाजवायला हवं. मग ‘कोण आहे?’ची विचारपूस. मग त्याला खोली द्यायची. त्याची भाषा समजून घ्यायची. आणि शेवटी पाट मांडून पंगतीला बसवायचं. यातली एक जरी पायरी अडली, तरी तुम्हाला पेन ड्राइव्ह ‘दिसत नाही’. पण दिसत नाही म्हणजे तो बिघडला, असं मुळीच नाही!

पायरी पहिली : दार वाजलं का?

पेन ड्राइव्ह काढा, दुसऱ्या खाचेत लावा. मोठ्या संगणकाच्या पुढच्या खाचा आतून एका वायरीनं जोडलेल्या असतात. ती सैल झालेली असू शकते. म्हणून मागची खाच वापरून पाहा. मध्ये हब असेल तर तो काढा. बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. यूएसबी २ ची खाच साधारण ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ ची ९००. वीज पुरली नाही, की डिस्क नुसतीच टिकटिक करत राहते.

पायरी दुसरी : कोण आहे?

आता ‘टर्मिनल’ उघडा. छोट्या इंग्रजी लिपीत, सलग टाइप करा : एल-एस-यू-एस-बी. एंटर दाबा. यूएसबीवर जोडलेल्या सगळ्यांची यादी येईल, त्यात माउस आणि की-बोर्डही असतील. पेन ड्राइव्ह काढून एकदा आणि लावून एकदा यादी पाहा. जी ओळ नव्यानं आली, ती तुमच्या पाहुण्याची! ओळ आलीच नाही, तर गडबड खाचेत, वायरीत किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये आहे.

संगणकाची एक रोजनिशीही असते. ती वाचायला टाइप करा : डी-एम-ई-एस-जी. (काही संगणकांवर त्याच्या आधी एस-यू-डी-ओ लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तो घरातल्या मोठ्यांनी किंवा सरांनी टाकायचा, बरं का!) शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचा. नवीन उपकरण सापडल्याची नोंद असेल तर छान. ‘एरर’ हा शब्द पुन्हापुन्हा दिसला तर खाच किंवा वायर बदलून पाहा. ‘आय-ओ एरर’ दिसला, तर मात्र ड्राइव्ह आजारी असू शकतो. मग जास्त प्रयोग करू नका.

पायरी तिसरी : खोली मिळाली का?

टाइप करा : एल-एस-बी-एल-के. इथं फक्त साठवणाऱ्या वस्तूंची यादी येते. पेन ड्राइव्हचं नाव बहुधा एसडीए किंवा एसडीबी असं असेल, आणि त्याच्या खाली एसडीबी१ असा भाग. पण नावावर जाऊ नका, आकारावरून ओळखा. ३२ जीबीचा ड्राइव्ह तिथं २९ च्या आसपास दिसेल. घाबरू नका, चोरी झालेली नाही! कंपनी हजार-हजारानं मोजते आणि संगणक १०२४ नं, एवढंच.

पायरी चौथी : भाषा कळते का?

आता त्याच आज्ञेपुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एफ हे अक्षर लिहा. प्रत्येक भागाची ‘भाषा’ दिसेल. पेन ड्राइव्हवर बहुधा व्हीफॅट, एक्सफॅट किंवा एनटीएफएस असते. यातली एक्सफॅट लिनक्सच्या गाभ्यात २०१९ साली आली. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या लिनक्सला ती कळत नसेल, तर दोष पेन ड्राइव्हचा नाही! नव्या लिनक्सच्या संगणकावर तो लावून पाहा.

पायरी पाचवी : पाट मांडला का?

सगळं ठीक आहे, तरी फायली दिसत नाहीत? मग ‘माउंट’ व्हायचं राहिलं असेल. लिनक्समध्ये सी, डी असे वेगवेगळे ड्राइव्ह नसतात. पाहुण्याला घरातल्याच एखाद्या फोल्डरवर बसवतात. फायलींच्या खिडकीत डाव्या बाजूला ड्राइव्हचं नाव दिसेल. त्यावर टिचकी मारा. संदेश आला तर तो बंद करू नका, आधी वाचा. विंडोजमधून नीट न काढलेला एनटीएफएस ड्राइव्ह कधीकधी इथंच अडून बसतो. त्याला पुन्हा विंडोजवर लावून व्यवस्थित ‘इजेक्ट’ केलं, की बऱ्याचदा त्याचा रुसवा जातो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. ड्राइव्ह उघडला रे उघडला, की पहिलं काम फायलींची प्रत काढण्याचं. फॉरमॅट करायचाच असेल, तर तो त्यानंतर!

निरोपही नीट द्या

लिनक्स फायली आधी स्वतःच्या मेमरीत घेते आणि मग सवडीनं ड्राइव्हवर लिहिते. पडद्यावर काम ‘झालं’ असं दिसलं, तरी आत लिहिणं चालू असू शकतं. म्हणून ‘इजेक्ट’ करा, ‘आता काढा’ असं कळेपर्यंत थांबा, आणि मगच ड्राइव्ह उपसा.

आई-बाबांसाठी दोन शब्द : मुलांचे प्रकल्प आणि घरचे फोटो एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच.

तर मित्रांनो, या रविवारी एक चांगला चालणारा पेन ड्राइव्ह घेऊन या पाचही पायऱ्या चढून पाहा. प्रत्येक पायरीवर काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. निरोगी ड्राइव्ह कसा दिसतो हे माहीत असलं, की आजारी ड्राइव्ह ओळखायला कितीसा वेळ लागणार?