मावळतीचं गणित

सुरतेच्या पर्वत पाटियातल्या माणसाला घरातून समुद्र दिसत नाही, पण त्याची भरती जाणवते. पावसाळ्यात मिठी खाडी फुगली आणि नेमकी तेव्हाच समुद्राला भरती असली, की गल्लीतलं पाणी उतरायला उशीर लागतो. एरवी समुद्र म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाची गोष्ट. जळगाव-धुळ्याहून पाहुणे आले, की त्यांना साडीचा बाजार दाखवायचा, लोचो खिलवायचा आणि रविवारी डुमसला नेऊन आणायचं, इथवर आपला कार्यक्रम ठरलेला. आता मात्र पाहुणे मोबाइलवर बाली पाहून येतात आणि विचारतात, तुमच्याकडे तसं काही नाही का?

बालीत हा धंदा पक्का बसला आहे. समुद्रात खडकावर उभं असलेलं तानाह लोट किंवा कड्यावरचं उलुवातू, ही तिथली हिंदू देवळं. दुपारी जेवणानंतर गाडी हॉटेलवर येते आणि चालकच बहुधा वाटाड्या असतो. तो तुम्हाला सूर्यास्ताच्या तासभर आधी देवळापाशी पोचवतो, कमरेला सारोंग कुठे गुंडाळायचा ते सांगतो. तानाह लोटला ओहोटी असेल तर खडकाच्या पायथ्याशी चालत नेतो, भरती असेल तर किनाऱ्यावरूनच दाखवतो. वर गाभाऱ्याकडे पर्यटकांना प्रवेश नसतो. पैसे घेतले जातात ते वेळ जुळवून दिल्याबद्दल.

दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर असं तयार पॅकेज सहसा मिळत नाही, पण देवळं आहेत, पश्चिमेला समुद्र आहे आणि गाडी तर कुठेही मिळते. उरतं ते वेळ जुळवणं. त्यासाठी तीन वेळापत्रकं समोर ठेवावी लागतात : सूर्याचं, भरतीचं आणि आरतीचं.

सूर्याचं सगळ्यांत सोपं. सुरतेत जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासात-साडेसातच्या दरम्यान मावळतो, तर नोव्हेंबर सरताना सहाच्याही थोडा आधी. दीड तासाचा फरक आहे, म्हणून ‘संध्याकाळी निघू’ एवढ्यावर भागत नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाचं, सुरत त्याच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर कोलकात्यात अंधार पडून गेल्यावरही इथे ऊन का असतं ते कळतं. दिशाही बदलते. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला सूर्य बरोबर पश्चिमेला बुडतो, डिसेंबरात तिथून पंचवीसेक अंश डावीकडे, जूनमध्ये तितकाच उजवीकडे. देवळाचा कळस आणि सूर्य एका चौकटीत हवे असतील तर कुठे उभं राहायचं हे महिन्यावर ठरतं.

सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून तो पूर्ण जाईपर्यंत इथे सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. (खरं तर टेकलेला दिसतो तेव्हा तो क्षितिजाखाली गेलेलाच असतो, हवेत प्रकाश वाकतो म्हणून आपल्याला दिसत राहतो.) त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं वाचण्याइतका उजेड रेंगाळतो. बहुतेक लोक सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून गाडीकडे वळतात, आणि नेमकी तीच वेळ दिवेलागणीची असते. हा घटकाभराचा काळ वाया न घालवणं हीच या सहलीतली खरी कारागिरी.

भरतीचं गणित थोडं नाजूक आहे. कोकणातले जुने खलाशी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढत. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्येनंतर आणि पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हा आडाखा त्या पट्ट्याचा आहे. तीच भरती खंभातच्या आखातात वर सरकते तशी उशिरा पोचते. डुमसला या वेळेत दोन-तीन तास मिळवायचे, आखातात आणखी वर गेलं तर त्याहून जास्त. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे आपल्या किनाऱ्यावर दुपारी पाणी चढतं आणि सूर्यास्ताला उतरत असतं. अष्टमीच्या सुमारास उलट : सूर्य बुडताना पाणी वर येत असतं, पण ती भांगेची भरती, तिला उधाणाचा जोर नसतो. अंदाजासाठी एवढं पुरे. प्रत्यक्ष जायचं असेल तर हजीऱ्याचं भरतीपत्रक पाहावं. डेहराडूनची सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी अशी पत्रकं छापते.

आरतीचं वेळापत्रक मात्र कुणी छापत नाही. ते फोन करून विचारायचं, आणि निघायच्या दिवशी पुन्हा विचारायचं. ऋतू बदलला की अनेक देवळांत सायंआरती मागेपुढे सरकते.

आता गाडी. भाड्याच्या गाडीवाल्यांची भाषा सगळीकडे एकच : गावात ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’, गावाबाहेर दिवसाचे किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर, वर टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता. डुमसचं जाणं-येणं ऐंशी किलोमीटरांत आरामात बसतं. वलसाडजवळच्या तिथलचं बसत नाही. फोनवर भाव विचारताना तास कुठून मोजणार, गॅरेजपासून की आपल्या दारापासून, हेही विचारून घ्यावं. शेवटच्या हिशोबात वाद होतो तो बहुधा यावरूनच.

वाटाड्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेले मार्गदर्शक असतात आणि अजिंठ्याला किंवा चांपानेरला त्यांचा उपयोग मोठा. समुद्रकाठच्या लहान देवळात मात्र बाहेरून आणलेला मार्गदर्शक पुजाऱ्यालाच विचारून आपल्याला सांगतो. मग आपणच का विचारू नये? ‘महाराज, थोडी माहिती सांगाल का?’ एवढं मोडक्या गुजरातीत म्हटलं तरी पुजारी खुलतात. गर्दीची वेळ तेवढी टाळावी. दक्षिणा पेटीत टाकावी. कुणी ‘खास दर्शना’चे वेगळे पैसे मागितले तर पावती मागावी.

सुरुवात डुमसपासून करू. पर्वत पाटियाहून रिंग रोडने अठवा गेट गाठायच्या फंदात संध्याकाळी पडू नये. उधन्याकडून मगदल्ला रस्ता धरावा, नर्मद विद्यापीठावरून पुढे डुमस रोड लागतो. रविवारी कापडबाजार बंद असतो आणि अर्धी सुरत याच रस्त्यावर असते, म्हणून जमलं तर मंगळवार-बुधवार बघावा. सूर्यास्ताच्या तासभर आधी किनाऱ्याजवळच्या दरिया गणेशाचं दर्शन घ्यावं, मग वाळूवर जावं. वाळू काळपट आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं, की मागे मागे जायचा मोह होतो, पण पुढे चिखल असतो आणि पाणी परतताना चालणाऱ्या माणसाला मागे टाकतं. पोहण्याची जागा ही नव्हे. टोमॅटोची भजी खायची ती परतताना.

खानदेशी घराला डुमसचं एक वेगळं कारणही आहे. हजीरा आणि डुमस यांच्यामध्ये तापी समुद्राला मिळते. मध्य प्रदेशातल्या मुलताईला निघालेली, भुसावळ, शिरपूर, प्रकाशा ओलांडून ७२४ किलोमीटर आलेली तीच तापी. पुराणात ती सूर्याची मुलगी, आणि आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस करतात. लिंबायत-उधन्यात श्रावणात कानबाई बसवणाऱ्या घरांतल्या किती जणांनी आपल्या गावची नदी कुठे संपते हे पाहिलंय? माझ्या मते डुमसला नेण्यात वाटाड्याने सांगावी अशी ही पहिली गोष्ट, गणपतीच्याही आधी. भुताखेताच्या ज्या कहाण्या या किनाऱ्याबद्दल फिरतात, त्या शेवटी सांगितल्या तरी चालतील.

सूर्यास्त आणि देऊळ एकत्र पाहायला मात्र तिथल सरस. वलसाडपासून चार-पाच किलोमीटर, पर्वत पाटियाहून शंभरेक. कडोदऱ्याला महामार्ग पकडायचा, पलसाणा, चिखलीवरून धरमपूर चोकडीला उतरायचं आणि वलसाड गावातून समुद्राकडे. तिथे किनाऱ्यालगत दोन मोठी देवळं आहेत, स्वामीनारायणाचं आणि साईबाबांचं, दोन्ही समुद्राकडे तोंड करून. गणित उलटं मांडायचं. हिवाळ्यात सूर्यास्त सहाला धरला, तर पाच-सव्वापाचला वाळूवर असायला हवं. त्याआधी एका देवळासाठी पाऊण तास. स्वामीनारायणाची देवळं दुपारी बंद असतात आणि चारच्या सुमारास उघडतात, म्हणजे सव्वाचारला तिथे पोचावं. ट्रकांनी भरलेल्या महामार्गासाठी अडीच तास, चहाला पंधरा मिनिटं. घरातून दीडलाच निघायचं, जेवणाची भांडी परतल्यावर घासायची. गाडी नको असेल तर सुरत किंवा उधन्याहून वलसाडला रेल्वे आहे आणि पुढे रिक्षा.

तिथलला एक पेच येतो, तो आधीच सोडवलेला बरा. शिर्डीत धूपारती सूर्यास्ताला होते आणि ठिकठिकाणची साईमंदिरं बहुधा तीच वेळ पाळतात. सूर्य बुडताना तुम्ही वाळूवर असाल तर आरती हुकते, आरतीत असाल तर सूर्य. दोन्ही साधायच्या नादात धावपळ होते आणि घरातली म्हातारी माणसं मागे राहतात. सोबत आजी असेल तर मी आरती निवडेन. साईबाबांच्या आरत्या बहुतांशी मराठीत आहेत. वलसाडचे गुजराती भाविक त्या तोंडपाठ म्हणतात आणि आजीला परक्या गावात अचानक स्वतःची भाषा ऐकू येते. सोबत कॅमेरेवाली पोरं असतील तर सूर्य, आणि मग उरलेल्या उजेडात स्वामीनारायणाची संध्याआरती मिळते का ते पाहावं. देवळात फोटोला मनाई असते. गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत. वाळूने भरलेले पाय बाहेरच धुवावेत. पोरांना हे गाडीतच सांगून ठेवावं.

जून ते सप्टेंबर या बेताला सुट्टी. ढगांत सूर्य दिसत नाही आणि समुद्र खवळलेला असतो. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात असताना तिथलचा किनारा पर्यटकांसाठी बंदच केला होता. पाऊस धुऊन गेल्यावरचा ऑक्टोबर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुरकट हवेमुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो, हजीऱ्याच्या बाजूला तर हमखास.

तिसरा मुक्काम लांबचा. भरूच जिल्ह्यात, जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे. दीडशे किलोमीटरच्या आसपास. तारकासुराला मारल्यावर तो शिवभक्त होता म्हणून कार्तिकेयाला खंत वाटली आणि त्याने इथे लिंग स्थापलं, अशी स्कंदपुराणातली कथा. पण गर्दी होते ती दुसऱ्याच कारणाने : भरतीला पिंडी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते, दिवसातून दोनदा. त्याचं कारण आखाताचा आकार. तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळं होत जाणारं हे आखात म्हणजे नरसाळं. बाहेरून आलेलं पाणी आत दाबलं जातं आणि उंच चढतं. मुंबईला उधाणात साडेचार-पाच मीटरचा चढउतार असतो, भावनगरला तो दहाच्या वर जातो. त्या बंदरात जहाजं तरंगती ठेवायला पाणी अडवणारा दरवाजा बांधावा लागला, तो यामुळेच.

इथे सूर्य दुय्यम, भरती मुख्य. दर्शन ओहोटीला, मग किनाऱ्यावर बसून पाणी चढताना बघायचं किंवा उतरताना. एकाच भेटीत दोन्ही हवं असेल तर निदान चार-पाच तास हातात हवेत. पश्चिमेला आखात पसरलेलं आहे, त्यामुळे सूर्यास्त आयताच मिळतो, पण त्या वेळी पिंडी वर असेल की खाली हे तिथीवर. त्रयोदशीचा प्रदोष सूर्यास्तालाच सुरू होतो, म्हणून शिवभक्त तो दिवस साधायला बघतात. त्या दिवशीची भरतीची वेळ मात्र आधी देवळातच विचारावी. अष्टमीच्या भांगेला पाणी तेवढं चढत नाही, तेव्हा ‘देऊळ बुडतं’ हे दाखवायला कुणाला नेऊ नये. मही नदीच्या मुखाचा गाळ आहे, त्यात पाय घालू नये.

या यादीत लोक कोळियाकचा निष्कलंक महादेवही घालतात. हजीऱ्याहून घोघ्याला गाड्या नेणारी रो-पॅक्स बोट ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली, त्यामुळे ते आता सुरतेला जवळ आलं आहे आणि ओहोटीला समुद्रात चालत जाऊन पाच शिवलिंगांचं दर्शन घेणं हे खरंच पाहण्यासारखं आहे. पण भावनगरचा किनारा पूर्वेकडे बघतो. सूर्य तिथे समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो जमिनीवर. म्हणून त्या बेतात गणित पहाटेचं मांडायचं : आदल्या दिवशीची बोट, भावनगरला मुक्काम आणि ओहोटी सकाळी पडेल अशी तिथी.