तारखांच्या मधले दिवस

नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा कारागृहात जाणारा बहुतेक माणूस अजून गुन्हेगार ठरलेला नसतो. तो ‘कच्चा कैदी’ असतो. खटला चालू, जामीन झालेला नाही. किंवा जामीन झालाय, पण जामीनदार उभा राहत नाही. मोठी शिक्षा लागली की त्याची रवानगी हर्सूल, नाशिक, येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात होते. देशातही हेच चित्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते.

तुरुंगातल्या कलेचा विषय निघाला की आपण ‘सुधारणे’बद्दल बोलतो. २०२२ मध्ये संत तुकाराम महाराजांच्या नावाने राज्यातल्या कारागृहांची भजन-अभंग स्पर्धा झाली, तेव्हाही कौतुक त्याच अंगाने झालं. उपक्रम फार चांगला. पण ज्याचा गुन्हाच शाबीत नाही, त्याची सुधारणा कसली करायची? पक्क्या कैद्याला सुतारकाम, विणकाम, शेती असं काहीतरी काम आणि थोडी मजुरी असते. कच्च्या कैद्याला फक्त तारीख असते. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. वकील आले नाहीत, पुढची तारीख. मधले दिवस बराकीत पडून काढायचे. माणूस खचतो तो या दिवसांत, आणि कलेची खरी गरज इथे आहे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. ते राजबंदी होते, लेखणी त्यांच्या हातची होती. मुखेड-निलंग्याकडच्या शाळा सुटलेल्या पोराकडे लेखणी नसते, गळा असतो. आपल्याकडे गावागावांत भजनी मंडळ आहे, हलगी आहे, गोंधळ आहे. भजनात एकाने चाल सांगायची, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. टाळ पुढे पळाला की पखवाजवाला नुसत्या नजरेने आवरतो. चोरीचा आरोप असलेला आणि खुनाचा आरोप असलेला शेजारी बसून एकाच समेवर येतात, तेव्हा तासभर तरी दोघांची ओळख गुन्ह्याच्या कलमाने होत नाही. अडचणी असतात त्या बारीकसारीक. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लागते, ती मुदपाकखान्यातून मागावी लागणार. एकतारीची तार सुरक्षेच्या नजरेत खुपणार. समजूतदार अधीक्षक असेल तर दोन्ही सुटतात.

वाट पाहणाऱ्यांना नाटक किती कळतं, याचा दाखला अमेरिकेतला आहे. १९५७ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ झालं. शहरातल्या जाणकारांना कोड्यात टाकणारं ते नाटक कैद्यांनी लगेच आपलं मानलं. रिक क्लूची हा जन्मठेपेचा कैदी त्या रात्री कोठडीतच होता, त्याने ते नुसतं ध्वनिक्षेपकावरून ऐकलं. पुढे तुरुंगात नाटकमंडळी उभी राहिली, त्याने स्वतः नाटक लिहिलं, आणि सुटल्यावर त्याने खुद्द बेकेटबरोबर काम केलं.

आपल्याकडे माणसांची वाण नाही. नांदेडच्या विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, लातूरला उपकेंद्र आहे. ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलंय त्या स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाचा तुरुंग भोगला होता. विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दुपार, संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी, आत जावं. तीन महिन्यांच्या तालमीचं नाटक मात्र घेऊ नये. नाथांची भारुडं घ्यावीत: छोटी, सोंग कुणीही घ्यावं अशी, दुपारभरात बसणारी. बुधवारी धरलेलं भारूड बुधवारीच उभं राहिलं पाहिजे, कारण पुढच्या बुधवारी सोंग घेणाऱ्याला जामीन मिळालेला असू शकतो, आणि तो मिळायलाच हवा.